आई-बाबा, भाड्याचा ट्रेलर आणि बॅन्फचं टनेल माउंटन ट्रेलर कोर्ट

आईला रात्री दोनदा उठावं लागतं आणि तिचे गुडघे दुखतात. आमची सगळी सहल या एका गोष्टीभोवती ठरली, म्हणून हा अनुभव लिहितानाही तिथूनच सुरुवात करते. तंबू ठोकून राहायचं तर टॉर्च घेऊन अंधारात, दगडगोट्यांतून संडासापर्यंत चालणं आलं. ते तिला शक्य नव्हतं. हॉटेलात उतरायचं तर जुलैत कॅनडातल्या बॅन्फमध्ये दोन खोल्यांचे पाच रात्रींचे पैसे आम्हाला परवडत नव्हते. शिवाय बाबांना हॉटेलात करमत नाही. मिरज डेपोत एसटीची ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला माणूस, खिडकीतून डोंगर बघत बसणार तरी किती? म्हणून गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर. आत संडास, आत चूल, आत पलंग, आणि दार उघडलं की समोर माउंट रंडल.

आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि सहा महिन्यांसाठी आलेले माझे आई-बाबा. जाणं ३ जुलै २०२५, परत येणं १२ जुलै. सुमासला सीमा ओलांडून ॲबट्सफर्ड, होप, कॅमलूप्स, रेव्हलस्टोक, गोल्डन असं करत बॅन्फ. एका बाजूचं अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास.

आधी मुक्कामाबद्दल. पार्क्स कॅनडाची, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची, टनेल माउंटनवर तीन कॅम्पग्राउंड आहेत आणि नावं सारखीच असल्यानं बुक करताना गोंधळ होतो. आम्ही घेतलं ते ‘ट्रेलर कोर्ट’. इथे प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याचं ड्रेनेज अशा तिन्ही जोडण्या आहेत. ‘व्हिलेज वन’ झाडीत आहे, तंबूवाल्यांना छान, पण तिथे या जोडण्या नाहीत. घरात म्हातारी माणसं असतील तर डोळे मिटून ट्रेलर कोर्ट घ्या. पाण्याची टाकी किती उरली, मैल्याची टाकी किती भरली, याचा हिशेब करत बसावं लागत नाही. आईनं पहिल्याच रात्री विचारलं, "पाणी जपून वापरू का गं?" मी म्हटलं, "नको, घरच्यासारखं वापर." त्या एका वाक्यानं तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ट्रेलरमधून फिरलेल्या कुणालाही विचारा, तिन्ही जोडण्यांची किंमत त्यांना पाठ असते.

आता त्याची दुसरी बाजू. जागा एकमेकींना लागून, ओळीनं आहेत. आपला ट्रेलर, मधे गवताची पट्टी, लगेच शेजाऱ्याचा. ज्यांना एकांत हवा त्यांच्यासाठी हे ठिकाण नव्हे. आणि इथे शेकोटीला परवानगी नाही. लेकाला मार्शमेलो भाजायचे होते, त्याला हे आधीच सांगून ठेवलं म्हणून रडारड झाली नाही. आम्हाला शेजार आवडला. आल्बर्टातल्याच एका आजी-आजोबांनी बाबांना ट्रेलरची पातळी कशी बघायची ते दाखवलं. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण दोघं वाकून पाण्याच्या लेव्हलकडे बघत अर्धा तास बोलत होते.

आरक्षण हिवाळ्यातच उघडतं आणि जुलैच्या जागा बघता बघता संपतात. आरक्षणाच्या दिवशी सगळे एका ऑनलाइन रांगेत घेतले जातात आणि रांगेतला नंबर चिठ्ठी काढल्यासारखा पडतो, त्यामुळे पहाटे तीनला उठून काही फायदा नाही. वेळ बॅन्फकडची, म्हणजे ‘माउंटन टाइम’ असते हे मात्र लक्षात ठेवा : तिथले आठ म्हणजे आमचे सिएटलचे सात. नवऱ्यानं एका लॅपटॉपवर, मी दुसऱ्यावर बसून जागा मिळवली. त्या उन्हाळ्यात, २० जून ते २ सप्टेंबर, कॅनडानं राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश मोफत ठेवला होता आणि कॅम्पिंगच्या शुल्कात २५ टक्के सवलत दिली होती. ती परदेशी पाहुण्यांनाही होती, हे मला मनापासून आवडलं.

आता ट्रेलरबद्दल, कारण माझी तक्रार तिथे आहे. आमच्या भागातल्याच एका भाड्यानं देणाऱ्याकडून २२ फुटी ट्रेलर घेतला. रात्रीला १४० डॉलर, अनामत हजार डॉलर. नाव लिहीत नाही. ट्रेलर चांगला होता : गाद्या स्वच्छ, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे चालणारा, ब्रेक व्यवस्थित. बुकिंग करताना मी एकच प्रश्न तीनदा विचारला होता, "कॅनडात नेलेला चालेल ना?" तिन्ही वेळा "हो, खुशाल" असं उत्तर आलं. पण तोंडी ‘हो’ सीमेवर दाखवता येत नाही. ट्रेलर दुसऱ्याच्या नावावर असताना तो देशाबाहेर नेण्याची मालकाची लेखी परवानगी हवी, नोंदणीच्या कागदाची प्रत हवी, आणि विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं दायित्व विम्याचं कार्ड हवं. हे कार्ड विमा कंपनीकडे मागितलं की मिळतं, आम्हाला आमच्या गाडीचं आठवड्याभरात घरपोच आलं. ट्रेलरवाल्यांनी मात्र निघायच्या आदल्या दिवशी जो लखोटा दिला त्यात परवानगीचं पत्र नव्हतं आणि नोंदणीची प्रत मुदत संपलेली होती. संध्याकाळी सहाला फोन केला, साडेसातला केला, शेवटी रात्री नऊ वाजता दोन्ही कागद ईमेलनं आले. शेजाऱ्यांकडे जाऊन छापून आणले. तोपर्यंत आईनं दशम्या करून ठेवल्या होत्या आणि आम्हाला घास गिळवत नव्हता.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. त्याच रात्री बाबा म्हणाले, "गाडी ताब्यात घेतली की सगळे कप्पे उघडून बघायचे. आमच्याकडे डेपोत चेकिंग झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे." टॉर्च घेऊन ते ट्रेलरच्या पुढच्या आडव्या कप्प्यापाशी गेले. हा कप्पा एका बाजूनं उघडतो आणि दुसऱ्या बाजूनं आरपार दिसतो. मधोमध, पाण्याच्या पाइपाच्या वेटोळ्यामागे, सालीसकट फोडलेल्या लाकडांची मोळी. वर कागदाची चिठ्ठी : पाहुण्यांसाठी भेट. सालीवर पांढरी भुकटी आणि मुंगीएवढी छिद्रं. जळाऊ लाकूड असंच उचलून कॅनडात नेता येत नाही. सालीखाली किडे आणि त्यांची अंडी असतात, ती एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात आणि उभी झाडं वाळतात. जिथे जाळायचं तिथेच लाकूड विकत घ्यायचं, हा नियम दोन्ही देशांत सांगितला जातो. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं "लाकूड आहे का?" असं विचारलं असतं तर मी प्रामाणिकपणे "नाही" म्हटलं असतं आणि कप्पा उघडल्यावर खोटी ठरले असते. ट्रेलर भाड्यानं देणाऱ्यांनी, गिऱ्हाईक सीमेपलीकडे जाणार हे माहीत असताना, असं करायला नको होतं. परत आल्यावर मी त्यांना हे शांतपणे, पण स्पष्ट सांगितलं. मोळी आमच्या अंगणात ठेवून गेलो.

त्या रात्री माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातूनही एक वस्तू काढली : मिरपुडीचा छोटा फवारा. माणसांवर वापरायचा फवारा कॅनडात बेकायदा शस्त्र समजला जातो. अस्वलासाठीचा, तसं लेबल असलेला मोठा फवारा चालतो, तो आम्ही पलीकडे गेल्यावर घेतला. या दोन फवाऱ्यांमधला फरक माझ्या ओळखीतल्या अनेकींना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

कागदपत्रांचं प्रत्येकाचं वेगळं होतं. आमच्या दोघांकडे ग्रीन कार्ड, त्यामुळे कॅनडाचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवेत. लेकाकडे अमेरिकन पासपोर्ट. आई-बाबा बी-२ वर, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर आलेले, त्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून कॅनडात सोडतात, हा समज चुकीचा आहे. आम्ही तो अर्ज ते मिरजेला असतानाच केला होता, बोटांचे ठसे देऊन, आणि तो येईपर्यंत विमानाची तिकिटं काढली नाहीत. जे एच-१बी वर आहेत त्यांनाही जाताना कॅनडाचा व्हिसा लागतो. परत येताना आई-बाबांचं आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधी आले आणि कधीपर्यंत राहू शकतात याची नोंद, महत्त्वाचं. महिन्याभराच्या आत परतायचं असेल तर ते सीमेवर जमा करायचं नाही, त्याची छापील प्रत पासपोर्टातच ठेवायची. आणखी एक : पाहुण्यांसाठी काढलेला आरोग्यविमा कॅनडात लागू आहे का ते पॉलिसी उघडून वाचा. आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हता. वेगळा काढला. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

वजनाचा हिशेब नवऱ्यानं केला आणि तो मला पूर्ण पटला, म्हणून आकड्यांसकट देते. आमची सात आसनी गाडी कागदावर ५,००० पौंड ओढते, म्हणून लोक ४,९०० पौंडांचा ट्रेलर घेतात आणि फसतात. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो : गाडीत माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल तो. आमचा १,४५० पौंड. पाच माणसं ६९० पौंड. भरलेला ट्रेलर ४,१०० पौंडांचा, त्याच्या साधारण १२ टक्के, म्हणजे ४९० पौंड, हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, खाली दाब देतात आणि तो भारही गाडीच्याच खात्यात धरायचा. उरले २७० पौंड. त्यात हिचचं लोखंड, खुर्च्या, बॅगा. म्हणून दोन बॅगा आणि तांदळाचा डबा ट्रेलरमध्ये, चाकांच्या बरोबर वर ठेवले. मागे जास्त वजन गेलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. निघताना ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन एकदा खात्री करून घेतली.

सुमासला सकाळी नऊला पोचलो. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी कुठे, किती दिवस, बंदूक, दारू, लाकूड, ट्रेलर कुणाचा, हे सगळं विचारलं. मी प्लास्टिकच्या फायलीतून मालकाचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, तारखा पाहिल्या आणि मगच परत दिलं. त्या अर्ध्या मिनिटात आदल्या रात्रीचे सगळे फोन वसूल झाले. मग ट्रेलर उघडून पाहिला. बेसनाच्या लाडवांचा डबा उघडून "यात मांस आहे का?" एवढं विचारलं आणि जा म्हणाल्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आम्ही नेलेच नव्हते. ॲबट्सफर्डमध्ये पंजाबी वस्ती मोठी आहे, तिथल्या दुकानात कोथिंबीर, मेथी, हिरव्या मिरच्या आपल्याकडच्यासारख्या ताज्या मिळतात. आईनं तिथे मेथीच्या तीन जुड्या निवडून घेतल्या.

होपनंतर कोकिहॅला रस्ता लागतो आणि इथे खरी परीक्षा. रस्ता रुंद आहे, वेगमर्यादा १२० किलोमीटर, पण चढ मोठा, माथा १,२४४ मीटरवर. पुढे कॅमलूप्सकडे तसाच लांब उतार. गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी बसले होते. बत्तीस वर्षं त्यांनी मिरज-रत्नागिरी केलं, आंबा घाट पावसाळ्यात, धुक्यात, भरल्या गाडीनिशी. माथ्यावर ते इतकंच म्हणाले, "ज्या गियरात घाट चढलीस त्याच गियरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, दाबायचा, सोडायचा." मी ऑटोमॅटिक गाडीचा गियर हातानं खाली आणला, इंजिन गुरगुरलं, वेग ८० वर थांबला. मागून ट्रेलर ढकलतोय ही जाणीव कमी कमी होत गेली. उतारानंतर थांबून बाबांनी चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहिली. "चांगली आहे," म्हणाले. ही त्यांची शाबासकी.

पहिली रात्र कॅमलूप्सजवळ, दुसरी गोल्डनला. एका दिवसात ओढून नेऊ नका, ट्रेलरमागे तासाला ऐंशी किलोमीटरही सरासरी पडत नाही. वाटेत क्रेगेलाचीला बाबांना मुद्दाम उतरवलं. ७ नोव्हेंबर १८८५ ला कॅनडाच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला गेला. रॉजर्स पास ओलांडल्यावर घड्याळ एक तास पुढे करायचं. गोल्डनच्या पुढची किकिंग हॉर्सची दरी पूर्वी अरुंद आणि वळणांची होती. २०२३ च्या अखेरीस तिथलं चौपदरीकरण पूर्ण झालं, आता ट्रेलरवाल्याला छाती धडधडावी असं काही उरलेलं नाही.

६ जुलैला आषाढी होती. बॅन्फमधली आमची पहिली पूर्ण सकाळ. आईनं मोबाइलवर विठ्ठलाचा फोटो लावून तो ट्रेलरच्या खिडकीत टेकवला, मागे रंडलचा उभा कडा. साबुदाणा रात्री भिजवला होता. गॅसच्या छोट्या शेगडीवर, कढई जेमतेम मावेल अशा जागेत, खिचडी झाली आणि मोकळी झाली. बाहेरच्या टेबलावर बसून आम्ही ती खाल्ली. जेवण झाल्यावर आईनं कढई पाणी घालून टेबलाखाली ठेवली, घरी मोरीत ठेवते तशी. दहा मिनिटांत कॅम्पग्राउंडची एक तरुण कर्मचारी चालत आली, खाली वाकून कढईकडे बोट केलं आणि अतिशय अदबीनं सांगितलं की खाण्याचा वास लागलेलं काहीही बाहेर ठेवायचं नाही, भांड्याचं पाणीसुद्धा नाही. एकदा अस्वलाला माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते वस्तीत येत राहतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. मी मराठीत सांगितल्यावर आईनं कढई लगेच उचलून छातीशी धरली. "माझ्या खिचडीपायी जनावर मरायला नको," म्हणाली आणि त्यानंतर पाचही दिवस दाण्याच्या कुटाचा डबा, तुपाची बरणी, अगदी भांडी घासायचा साबणसुद्धा दर वेळी आत गेला की नाही हे तीच तपासायची. नियम सगळीकडे लिहिलेले असतात. पण तो असा, समोर उभं राहून, कारण सांगून समजावणारी माणसं ठेवली आहेत, याबद्दल मी पार्क्स कॅनडाला पैकीच्या पैकी गुण देते.

गावात जायला गाडी हलवायची गरज नाही. ‘रोम’ या तिथल्या बससेवेची २ नंबरची बस टनेल माउंटनवरून गावात जाते. ट्रेलर एकदा जोडून, पातळीत बसवून ठेवला की पाच दिवस तसाच. गरम पाण्याच्या झऱ्यांवर बाबा दोनदा जाऊन आले. कॅम्पजवळचा हूडूजचा, म्हणजे झिजून उभ्या राहिलेल्या दगडी खांबांकडचा रस्ता आईला चालता आला, हळूहळू. संध्याकाळी एल्क जातीचं मोठं हरीण ट्रेलरांच्या ओळीतून निवांत चरत गेलं. एल्कपासून ३० मीटर आणि अस्वलापासून १०० मीटर लांब राहायचं असतं, आम्ही खिडकीतून पाहिलं.

मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही. लेक लुईजच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून शटल बस घ्यायची. बरीचशी तिकिटं दोन दिवस आधी सकाळी आठला सुटतात, आम्हाला तशीच मिळाली. पाण्याचा तो निळा रंग बघून आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हा रंग पैठणीत असतो."

परतताना ब्रिटिश कोलंबियातल्या चेरी घेतल्या. कॅनडात विकत घेतलं म्हणजे ते कॅनडात पिकलेलं असं नाही आणि अमेरिकेच्या सीमेवर फळ कुठे पिकलं हे विचारतात. म्हणून शेताचं लेबल असलेली पेटीच घेतली आणि आधी घेतलेली संत्री होपला बसून संपवली. सुमासला अधिकाऱ्यांनी चेरीचं लेबल पाहिलं, आई-बाबांचं आय-९४ पाहिलं, पाच मिनिटांत सोडलं.

ट्रेलरवाल्यांनी अनामत पूर्ण परत केली, ते नोंदवायला हवं. लाकडाच्या मोळीबद्दल त्यांनी माफी मागितली आणि कॅनडाला जाणाऱ्यांसाठी परवानगीचं पत्र यापुढे लखोट्यातच ठेवू असं सांगितलं. ट्रेलरला मी पाचपैकी चार देईन, त्यांच्या कागदपत्रांच्या कारभाराला दोन. ट्रेलर कोर्टला पाच.

गेल्या रविवारी बाबा चहा घेताना उठले, कपाटातून आपला पासपोर्ट काढला, चष्मा लावून कॅनडाच्या व्हिसाचं पान शोधलं आणि त्यावरची मुदत बोटानं वाचली. २०३१ पर्यंत आहे. पासपोर्ट परत ठेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आरक्षण जानेवारीत सुरू होतं का फेब्रुवारीत?"